रुमालाखालची करंगळी

जावईबापू, आधी एक सांगा. विश्वास कुणावर ठेवावा? जो पटकन "हो" म्हणतो त्याच्यावर, की जो "नाही" म्हणतो त्याच्यावर?

लगेच उत्तर देऊ नका. तुम्ही कॉलेजात शिकलेले. शिकलेल्या माणसाला उत्तराची घाई असते. मी मराठी तिसरीतून उठलो तो थेट तंबाखूच्या वखारीत येऊन बसलो. माझी शाळा ती. मास्तर म्हणाल तर गिऱ्हाईक.

परवा तुम्ही विचारलंत, "तात्या, तुमच्या मंडळींची बेळगावची सहल यंदा मी ठरवू का?" ठरवा की! लढाई संपली, मोटारी पुन्हा पेट्रोलवर धावायला लागल्या. आनंदानं ठरवा. पण आमच्यात सहल ठरवायची एक रीत आहे आणि ती सांगायची म्हणजे किस्से आले. वखार कितीही झाडा, तंबाखूची भुकटी कोपऱ्यात साठतेच. एखादं पोतं हललं की उडते आणि सगळे शिंकतात. आमच्या किश्श्यांचं तसंच आहे. पुष्कळसे शिंकून सोडून द्यायचे. एखाददुसरा मात्र डोळ्यांत जातो.

* * *

निपाणीच्या पेठेत आमच्या वखारी एका ओळीत. सगळ्यांत थोरले आप्पा. त्यांच्यानंतर मल्लाप्पा: लिंगायत, गाण्याचा वेडा, बोलायला मराठी आणि रागवायला कानडी. मग तुमचे सासरे दत्तोबा. ते खाण्यापिण्याचे शौकीन आहेत हे तुम्हाला मी वेगळं सांगायला नको. आणि मी. गणू पुढं आला. त्याचं नंतर सांगतो.

हंगाम संपून माल वखारीत लागला की एका शनिवारी बेळगावला जायचं, अशी कल्पना निघाली. शनिवारी नाटक. रविवारी सकाळी कपिलेश्वराचं दर्शन, मग शहापुरात साड्या, कुणाच्या माडीवर गाण्याची बैठक असली तर ती. संध्याकाळच्या मोटारीनं परत. दोन दिवस कुणी मालाच्या भावाचं नाव काढायचं नाही.

पहिली बैठक दत्तोबांच्या ओसरीवर झाली. काय तो आवाज! "जायचं म्हणजे जायचं!" सगळे एका सुरात.

शनिवारी सकाळी मोटार-स्टँडवर ट्रंक घेऊन एकटे आप्पा उभे! मल्लाप्पाकडं पाहुणे आलेले. दत्तोबांचं पोट बिघडलेलं. आणि मी? मला मुळात जायचंच नव्हतं. सगळे हो म्हणाले म्हणून मीही म्हणालो होतो.

आप्पा रागावले नाहीत. एकटे गेले, नाटक बघून आले, येताना कुंदा आणला आणि प्रत्येकाच्या घरी स्वतः नेऊन दिला. तो कुंदा घशाखाली उतरेना!

पुढच्या वर्षी बैठकीत त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला. तुम्ही धंद्यात नवे आहात, म्हणून सांगतो. आमच्यात मालाचा भाव तोंडानं बोलत नाहीत. घेणारा आणि देणारा हातांवर रुमाल टाकतात आणि खाली एकमेकांची बोटं धरतात. किती बोटं धरली, कुठली धरली, त्यावर सौदा ठरतो. भोवती अख्खी पेठ उभी असली तरी भाव दोघांतच राहतो.

आप्पा म्हणाले, "एकेकानं रुमालाखाली हात घाला. यायचं असंल तर माझी पाची बोटं धरा. नसंल तर नुसती करंगळी. एकानं जरी करंगळी धरली तरी तो बेत मोडला. कुणी धरली ते मी सांगणार न्हाय, तुम्ही इचारायचं न्हाय. रुमालाखालचं रुमालाखाली."

दत्तोबा म्हणाले, "आप्पा, सहल ठरवताय का बैलाचा सौदा करताय?"

"तोंडानं माणूस शेजाऱ्याला बरं वाटंल ते बोलतो रं. बोटानं सोताचं बोलतो."

मल्लाप्पानं शंका काढली, "आणि तुमचं वो? तुमचं बोट कोण धरायचं?"

"माझी बोटं मी धरीन की!" आप्पा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

* * *

आता गणू. त्याची वखार वडिलांपासूनची. तंबाखूच्या पानाचा तुकडा डोळे मिटून नाकाशी धरायचा आणि माल सांगायचा. त्याचा शब्द पेठेत चालायचा. पण दारूनं धरला. मग माल दुसरे सांगायला लागले आणि ह्याला घरी पोचवायची वेळ आली. नाक्यापलीकडं कुठंतरी पडलेला असायचा आणि त्याची बायको इंदूआक्का बैलगाडी घेऊन शोधत जायची. स्वतः हाकत! लोक दारं लावून घ्यायचे. त्याला बघून नव्हे, तिच्याकडं बघवत नसे म्हणून.

एका दुपारी ती आप्पांच्या वखारीच्या उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. मी आत काट्याजवळ होतो.

"आप्पा, ह्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतलीया. सोडतो म्हणालेत."

"बरं झालं, आक्का."

"बरं कशाचं? एकट्यानं सोडलेली दारू एकट्याला गाठून परत येती. तुम्ही बेळगावला जाता, ह्यांना न्या. चार चांगल्या माणसांत बसू द्यात, नाटक बघू द्यात, हसू द्यात. दुसरं काय मागत न्हाय मी."

आप्पांनी पुढ्यातली वही मिटली.

ती म्हणाली, "फक्त न्याल तसं परत आणा."

मामलेदार आला तरी आप्पा गादीवरून उठत नसत. त्या दिवशी उठले. उभं राहून म्हणाले, "नेतो तसं आणतो."

त्या दिवसापासून आम्ही पाच झालो. दरवर्षी रविवारी संध्याकाळी मोटार स्टँडवर लागायची तेव्हा इंदूआक्का पिंपळाच्या पारापाशी उभी असायची. ती काही विचारायची नाही. आप्पाच खाली उतरून म्हणायचे, "नेलं तसं आणलं, आक्का." मग ती मान हलवायची आणि चालू लागायची. गणू तिच्या मागून.

* * *

नाटकाचा किस्सा तुम्ही सासऱ्यांकडून ऐकला असेल, पण ते स्वतःची शिंक गाळून सांगतात!

त्या साली निघायला उशीर झाला आणि आम्ही वखारीतल्या कपड्यांवरच मोटारीत चढलो. थिएटरात आप्पांनी पहिल्या रांगेतल्या खुर्च्या घेतलेल्या. आम्ही बसलो. कुणी धोतर झटकलं, कुणी कोट काढून झाडला. वर पंखा फिरत होता.

पहिला शिंकला ऑर्गनवाला. पाठोपाठ तुमचे सासरे. मग तबलजी. तोही तालात!

रंगमंचावर नायिकेला तिचा नवरा टाकून निघाला होता. नायिकेचं काम करणारा नट चांगला होता. पदर डोळ्यांना लावून असा रडत होता की मागं बायकाही रडायला लागल्या. त्यानं पदाचा पहिला सूर लावला, डोळे मिटले, श्वास आत घेतला... आणि अशी शिंक दिली, अशी शिंक दिली, की डोईवरचा गंगावनाचा अंबाडा नवऱ्याच्या पायाशी जाऊन पडला!

थिएटर स्तब्ध. आणि मागून कुणीतरी ओरडलं, "वन्स मोअर!"

अंक पडल्यावर कंपनीचा मॅनेजर हात जोडत आला. "मंडळी, पुढच्या अंकाला जरा मागच्या रांगेत बसाल का? तिकिटातला फरक परत करतो."

आप्पा उठले. "फरक ऱ्हाऊ द्या. त्या नटाला तेवढं सांगा, रडणं झकास होतं. पण शिंक अस्सल निपाणीची!"

मागच्या रांगेत जाताना मी गणूकडं पाहिलं. तो हसत होता. डोळ्यांतून पाणी येईतोवर हसत होता. त्याला असा हसताना मी वर्षानुवर्षांत पाहिला नव्हता. आप्पा सगळं सोडून त्याच्याकडंच बघत होते.

* * *

शहापुरात आमचा एक ठरलेला विणकर होता. घरातच माग, मागाजवळ त्याची बायको कांड्या भरत बसलेली. गणूनं एक हिरवी साडी काढली, तांबड्या काठाची. उन्हात नेऊन बघितली, आत आणून बघितली. आणि सवय ती सवय! साडीचाच पदर विणकराच्या हातावर टाकला आणि खालून त्याची बोटं धरली.

विणकराला आमची रीत काय ठाऊक! त्याला वाटलं, माणूस प्रेमानं हात मिळवतोय. त्यानंही गणूचा हात धरून गदागदा हलवला.

त्याची बायको कांडी टाकून उठली. "अहो निपाणीकर, ती नेसायची साडी हाय! तुमच्या तंबाखूचा वास बसला तर तुमची बाई तुम्हालाच नेसवून घराबाहेर उभं करंल!"

आम्ही हसून हसून मागाला टेकलो. गणू ओशाळला. पदर सोडला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही सांगाल तो भाव."

बाहेर आल्यावर दत्तोबा त्याला धरून बसले. "काय रं हे? सांगितला तो भाव दिलास? पेठेत कुणी ऐकलं तर तोंड दाखवाय जागा न्हाय ऱ्हायची!"

गणू साडी काखेत नीट धरत म्हणाला, "तिनं माझ्याबरोबर कधी घासाघीस केली न्हाय, दत्तोबा."



* * *

गोव्याचं खूळ तुमच्या सासऱ्यांचं. रागावू नका, ते स्वतः कबूल करतात!

कुणा मोटार एजंटानं त्यांना सांगितलं की फिरंग्यांच्या मुलखात द्राक्षाची दारू मिळते. दारू म्हणायची आपली, पण औषधासारखी गोड. डोंगराच्या उतारावर द्राक्षांचे मळे, मळ्यात बाकडी, बाकड्यावर बसून माणूस पितो आणि समोर समुद्र बघतो. बेळगावला नाटक बघून सकाळची गाडी धरली की लोंढ्यावरून सरळ तिथं!

दत्तोबांनी हे असं रंगवलं की मी माझ्या मनानं त्या बाकड्यावर जाऊन बसलो. मी आयुष्यात समुद्रातली बोट बघितली नव्हती. मला बोटी बघायच्या होत्या. मल्लाप्पानं जन्मात दारूचा थेंब घेतलेला नाही, पण गाडी दूधसागराच्या धबधब्यासमोरून जाते हे त्याच्या कानावर आलं होतं. "अष्टु साकु," तो म्हणाला. "मला तेवढं पुरे."

गणू काहीच म्हणाला नाही.

आप्पांनी रुमाल टाकला. एकेक हात आत गेला, बाहेर आला. शेवटी आप्पा म्हणाले, "एक करंगळी हाय."

झालं! बेत मोडला. नुसतं बेळगाव.

पुढच्या वर्षी दत्तोबांनी पुन्हा विषय काढला. पुन्हा एक करंगळी. त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कुणाची ते विचारायची सोय नव्हती. पण जावईबापू, माणूस विचारत नाही म्हणून त्याला वाटायचं थांबतं का? दारूच्या मुलखात जायला कोण भिणार? पेठेत सगळ्यांना एकच नाव सुचायचं. गणूला टोमणे बसायला लागले. "काय गणूअण्णा, करंगळी बरी हाय का?" तो हसून पुढं जायचा.

* * *

एका साली बेळगावच्या खाणावळीत मडगावचा एक दुकानदार आमच्या शेजारी जेवायला बसला. दत्तोबांना घास गोड लागेना. म्हणाले, "तुमच्याकडले द्राक्षाचे मळे कसे हाईत हो?"

"द्राक्षाचे?" तो गृहस्थ हातातली आमटीची वाटी ठेवून हसायला लागला. "द्राक्षं खंयची हो? आमच्याकडे माड, काजू, फणस. ती दारू बोटीतून येते, पिंपांत भरून. थेट पोर्तुगालहून!"

"म्हंजे मळे न्हाईत?"

"आहेत की! बघायचे तर बोटीत बसा. महिनाभरात पोचाल."

मल्लाप्पा म्हणाला, "दत्तोबा, शनिवार-रविवारात बसंना वो हे!"

तुमच्या सासऱ्यांचं तोंड असं उतरलं की त्या परक्या माणसाला दया आली. त्यानं पिशवीतून एक बाटली काढली. काळपट तांबडी. मालकाकडून पेले मागवले आणि आम्हा पाचही जणांपुढं घोट-घोट ओतली. त्याला बिचाऱ्याला काय माहीत!

खाणावळीत गलका चालू होता. आमच्या पाटांपाशी मात्र कुणी हलेना. माझ्या पेल्याकडं माझं लक्ष नव्हतं. आप्पांचं त्यांच्या पेल्याकडं नव्हतं.

गणूनं पेला उचलला.

त्यानं डोळे मिटले. आम्ही पान नाकाशी धरतो तसा पेला नाकाशी धरला. असा किती वेळ धरला कोण जाणे, मला तो फार लांब वाटला. मग पेला जागेवर ठेवला आणि त्या मडगावकराला म्हणाला, "माल चांगला हाय, सावकार. पण आमच्या पेठेत खपायचा न्हाय."

आप्पांनी पाण्याचा तांब्या उचलला आणि गटागटा प्यायले. आख्खा!

बाहेर पडल्यावर दत्तोबा म्हणाले, "मळा नसंना का, पिंप तर हाय! पुढच्या साली बघू!"

* * *

पुढच्या साली त्यांनी युक्ती केली. रविवारी सकाळी म्हणाले, "जरा रेल्वेतून हिंडून येऊ. खानापूरची झाडी बघू." तिकिटं त्यांनीच काढली. खानापूर आलं, गेलं. कुणी उतरेना. लोंढ्याला उतरलो तर पलीकडं गोव्याची गाडी उभी!

"आता देवानंच आणून सोडलंय," दत्तोबा म्हणाले. "टाका रुमाल, आप्पा."

आप्पांनी प्लॅटफॉर्मवर रुमाल टाकला. पाच माणसं घोळका करून रुमालाखाली हात घालताहेत हे पाहून एक तिकीट-मास्तर धावत आला. "ए! इथं जुगार चालणार नाही!"

"जुगार न्हाय साहेब," मल्लाप्पा म्हणाला, "सहल आहे!"

मास्तर जायच्या आत आप्पांनी सांगितलं, "एक करंगळी हाय."

तेव्हा दत्तोबांचा तोल गेला. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही; पलीकडं गाडी उभी, शिट्टी व्हायच्या बेतात, आणि हा माणूस वर्षानुवर्षं त्या गाडीची वाट बघत आलेला.

"गणू, तूच! दर साली तूच! सोताच्या जिभेवर भरवसा न्हाय म्हणून आम्हा सगळ्यांना दावणीला बांधून ठेवलंस! एवढं भ्या वाटतंय तर घरात बस की, बायकोच्या पदराखाली!"

हमाल थांबून बघायला लागले.

"साकु, दत्तोबा," मल्लाप्पा म्हणाला. "बिडो आता. सोड."

गणूनं वर पाहिलं. आधी दत्तोबांकडं, मग आप्पांकडं. आप्पा रुमालाची घडी घालत होते. मान खाली होती.

गणू म्हणाला, "व्हय. मीच धरली करंगळी."

आप्पांची घडी अर्ध्यात थांबली.

गोव्याची गाडी निघून गेली. तिचा शेवटचा डबा दिसेनासा झाला. परतीच्या गाडीत दत्तोबा खिडकीकडं तोंड करून बसले. खानापूर मागं पडल्यावर त्यांनी ट्रंकेतून बेळगावी मांड्यांचा पुडा काढला, सोडला, आणि पहिला मांडा गणूपुढं धरला. तोंड खिडकीकडंच! माणूस असा आहे. तुमच्या बायकोनं राग कुणाचा घेतला आणि मन कुणाचं, हे तुम्ही एव्हाना ओळखलं असेलच.

संध्याकाळी स्टँडवर आप्पा उतरले. इंदूआक्का पारापाशी होती.

"नेलं तसं आणलं, आक्का."

एवढंच. पण त्या दिवशी आप्पांचा आवाज मला वेगळा वाटला.

* * *

लढाईच्या दिवसांत पेट्रोल मिळेना. मोटारीच्या पाठीला कोळशाची भट्टी लावायचे आणि त्या धुरावर गाडी चालायची. चालायची म्हणजे सपाटीवर चालायची! वंटमुरीच्या घाटात चढ लागला की ड्रायव्हर खाली उतरून म्हणायचा, "मंडळी, हात लावा."

त्या वर्षी आप्पा बरेच थकले होते. नको म्हटलं तरी आले. घाटात सगळे उतरलो. तेही उतरायला लागले तेव्हा गणूनं त्यांना परत बसवलं.

"बरं तर," आप्पा आतून म्हणाले, "मोटार तुम्ही ढकला. वजन मी सांभाळतो!"

घामानं डबडबून आम्ही माथ्यावर पोचलो. काळ्या धुरानं सगळ्यांची तोंडं माकडासारखी झालेली. आप्पांनी आतून एकेकाला न्याहाळलं आणि म्हणाले, "नाटक कंपनीला कळवा. ह्या खेपेला रंग लावूनच आलोय!"

ती त्यांची शेवटची सहल.

दिवाळीनंतर त्यांनी अंथरूण धरलं. एका सकाळी मला बोलावलं, उशाखालून तो रुमाल काढला आणि माझ्या हातात दिला.

"तात्या, हा तू ठेव. हिशेब इमानानं ठेव."

मी म्हणालो, "ह्याच्यात हिशेब कसला, आप्पा? पाच बोटं न्हाईतर एक करंगळी!"

आप्पा हसले. "तेवढाच लई अवघड असतोय रं."

* * *

आता हा शेवटचा. रुमालाखालचं रुमालाखाली हे मी विसरलेलो नाही. पण रुमाल देणारानं घेणाराला एवढं सांगायला हवं, म्हणून सांगतो. मल्लाप्पाला सांगू नका. सासऱ्यांना तर नकोच!

आप्पा गेले त्याच्या पुढच्या हंगामाअखेरीस आम्ही चौघं त्यांच्याच वखारीत बसलो. गादी मोकळी होती. तिच्यावर कुणी बसलं नव्हतं.

दत्तोबांनी विषय काढला, पण नेहमीचा जोर नव्हता. "एकदा तरी जाऊन येऊ की रं. आता आपलेबी किती दिस ऱ्हायले? मला ती दारू प्यायची न्हाय, नुसती बोटीवरनं पिंपं उतरताना बघायची हाईत."

मल्लाप्पा म्हणाला, "पाण्याला जोर हाय म्हणं यंदा, दूधसागराला."

मी रुमाल टाकला. आयुष्यात पहिल्यांदा रुमालाची ही बाजू माझ्याकडं आली होती.

आधी मल्लाप्पाचा हात आला. त्यानं माझी पाची बोटं धरली.

मग दत्तोबांचा. त्यांनीही पाची. अशी आवळली की अंगठी रुतली!

मग गणूचा. मी मनात करंगळी तयार ठेवली होती, खोटं कशाला सांगू. त्याचा हात गार होता. क्षणभर नुसता माझ्या हाताजवळ थांबला.

गणूनं माझी पाची बोटं धरली. धरली आणि सोडेचना.

मी त्याच्या तोंडाकडं पाहिलं. तो माझ्याकडं बघत नव्हता. मोकळ्या गादीकडं बघत होता.

आता, जावईबापू, आप्पांच्या हयातीत मी स्वतः गोव्याला कधी करंगळी धरलेली नव्हती. मग दर साली बेत मोडणारी ती करंगळी कुणाची, हे मला त्या मोकळ्या गादीनं सांगितलं. मला बोटी बघायच्या होत्या. अजून बघायच्या आहेत.

तिघांचे हात झाले होते. एक हात राहिला होता. मी दुसरा हात रुमालाखाली नेला.

हात बाहेर काढले आणि म्हणालो, "एक करंगळी हाय."

दत्तोबांनी सुस्कारा टाकला. त्यांनी गणूकडं बघितलंसुद्धा नाही, बोलायचं तर लांबच. कुणी काही विचारलं नव्हतं.

तरी गणू म्हणाला, "व्हय. मीच."

मग तो उठला. माझ्या हातातून रुमाल घेतला, झटकला, आप्पा घालायचे तशी घडी घातली आणि माझ्या खांद्यावर ठेवला. "चला," म्हणाला. "बेळगावात यंदा नवी कंपनी आलीया. पद चांगलं म्हणतात म्हणं."

रविवारी संध्याकाळी मोटार लागली. पारापाशी इंदूआक्का हिरवी साडी नेसून उभी होती. आधी आप्पा उतरायचे, त्या सवयीनं बाकीचे खोळंबले, म्हणून मला आधी उतरावं लागलं.

"नेलं तसं आणलं, आक्का."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या खांद्यावरच्या रुमालाकडं पाहिलं. आणि त्या बाईनं, जी कधी कुणापुढं वाकली नाही, तिनं रस्त्यात वाकून त्या रुमालाच्या टोकाला हात लावला आणि तो कपाळाला नेला.

गणू गाडीच्या दारात उभा होता.

जावईबापू, माझ्या हाताला आता कंप सुटलाय. कापऱ्या हाताला बोटं नीट कळत नाहीत. म्हणून हा रुमाल तुमच्याकडं. नाटक कुठलं ते तुम्ही ठरवा, खाणावळ तुम्ही ठरवा. तुमचे सासरे गोव्याचं काढतीलच, मल्लाप्पा धबधब्याचं काढील, गणू समोर गप्प बसलेला असेल. तुमची बोटं तुम्ही कशी धरायची ते मी सांगणार नाही.

एवढीच विनंती. हिशेब इमानानं ठेवा.